विमलताई, तुमच्या जोडीदारणीबद्दल

करीनने तुम्हाला फसवलं. आठ वर्षं टेनिसच्या मैदानात तुमच्या जोडीला पुढं उभी राहिलेल्या बाईने हात दुखतो असं सांगून तुम्हाला स्पर्धेबाहेर बसवलं, आणि त्याच सकाळी दुसरीबरोबर नाव घातलं. हे मी आधीच लिहून टाकतो. तुमच्या शोकसभेत ते मला पुरतं बोलू दिलं नाही, आणि तुम्ही तर हयातभर बोलला नाहीत.

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. दवाखान्यातल्या बायकांनी तेरावं घातलं. तुमच्या धर्मात ते असतं की नसतं, हे कुणी विचारलं नाही. तुम्हाला आवडायचे म्हणून धपाटे केले, वर दह्याचा गोळा. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, स्मरणिका काढायची आहे, दत्तामामा, तुम्ही दोन पानं लिहा, पण चांगलं लिहा. मी चांगलंच लिहितोय. खरं लिहितोय, म्हणजे चांगलंच.

तुमचं नाव विलेमाइन. धारूरच्या बाजारात ते कुणाच्या तोंडात बसेना. माझ्या मंडळीने दुसऱ्याच भेटीत त्याचं विमल करून टाकलं आणि तुम्ही लगेच 'ओ' दिली. परदेशातून एका वर्षासाठी आलेल्या बाई तुम्ही. ऊस तोडून वाकलेल्या बायकांच्या पाठी आणि खांदे मोकळे करायला आलात आणि वीस वर्षं राहिलात.

मी तुमच्याकडे आलो तो एका देवणी गोऱ्ह्यामुळं. त्याने दावं असं ओढलं की माझा उजवा खांदाच उतरला. हाडवैद्याने बसवला, पण हात कानाच्या वर जाईना. चार महिने तसाच काढून मग दवाखान्यात आलो.

"कावून इतके दिवस आला न्हाईत?" तुम्ही विचारलंत. तुमच्या तोंडून 'कावून' ऐकून मी आधी हसलोच.

"वेळ न्हवता बाई."

"खांद्याला आता लई वेळ हाय. तो हालतच न्हाई."

मग तुम्ही माझ्या हातात एक पिवळा चेंडू दिलात आणि दवाखान्याच्या मागच्या भिंतीवर मारायला लावलात. रोज सकाळी. धोतर-टोपीतला गुरांचा दलाल भिंतीवर चेंडू मारतोय हे बघायला ऊसतोडीच्या बायका ओट्यावर येऊन बसायच्या. एकदा मी चिडून म्हणालो, "मी काय शाळेतलं पोरगं हाय का?" तेव्हा तुम्ही दाराआडची लाकडी रॅकेट काढलीत. मला वाटलं, माशा मारायचं काही असेल. तसं म्हणालोही. तुम्ही म्हणालात, "भाऊ, याच्यावर मी पंधरा वर्सं भाकर खाल्ली."

तिथून तुमची गोष्ट मला तुकड्यातुकड्याने कळत गेली. कधी खांदा दाबताना, कधी ओट्यावर चहा घेताना. तुमचे वडील गायींचे व्यापारी. गोठ्याच्या भिंतीवर तुम्ही चेंडू मारायचात आणि गायी बिथरतात म्हणून ते ओरडायचे. अठराव्या वर्षी रॅकेटींची पिशवी घेऊन तुम्ही देशोदेशी निघालात. रेल्वेने प्रवास, कपडे हॉटेलच्या बेसिनमध्ये धुवायचे, जेवायला पाव आणि सफरचंद. एकेरीत तुम्ही बऱ्या होतात, एवढंच; हे तुमचेच शब्द. दुहेरीत मात्र तुम्ही आणि करीन समोर आलात की पलीकडच्या जोडीचं तोंड उतरायचं. पॅरिसच्या लाल मातीवर तुम्ही दोघी उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलात. ती माती म्हणजे विटांचा चुरा. हे मला कसं कळलं सांगू? लिंबागणेशला दर्शनाला चाललो होतो, वाटेत वीटभट्टी लागली आणि तुम्ही जीप थांबवायला लावलीत. खाली उतरून मूठभर चुरा घेतलात, बोटांनी चाळलात, वास घेतलात. भट्टीवाला म्हणाला, "मॅडम, ईट पाह्यजे का?" तुम्ही म्हणालात, "न्हाई दादा, मैदान पाह्यजे." त्याला काही कळलं नाही. मलाही तेव्हा नाही कळलं; जीपमध्ये बसल्यावर तुम्ही सांगितलंत.

आणि तो रविवारचा बाजार. आमच्या धंद्यात भाव तोंडाने सांगत नाहीत. दोघांचे हात रुमालाखाली जातात, बोटं धरून आकडा कळवायचा, भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. तुम्ही बघायला आलात आणि म्हणालात, मला दाखवा. मी सरळ रुमाल टाकला आणि तुमची बोटं धरली. धंद्याच्या नादात मला भानच राहिलं नाही की आपण भर बाजारात बाईमाणसाचा हात धरलाय. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, दत्तूनं मडमेचा भाव काढला बे." सगळा बाजार हसला. माझे कान तापले. तुम्ही रुमाल बाजूला केलात, म्हणालात, "आता आमच्याकडची रीत बघा." तुमच्या वडिलांच्या बाजारात प्रत्येक भावाला समोरच्याच्या तळहातावर खाडकन टाळी मारतात, सौदा होईपर्यंत. तुम्ही अशी टाळी हाणलीत की माझा तळहात लाल झाला. ज्याने आवाज दिला होता त्याला मी म्हणालो, "ये, तुझा बी भाव काढतील." तो काही आला नाही.

त्याच दिवशी तुम्ही मला दुहेरीची खूण सांगितलीत. एक जण मागं उभी राहून सर्व्हिस करते, दुसरी पुढं जाळीपाशी तिच्याकडे पाठ करून उभी. पुढची आपला हात पाठीमागं धरते. मूठ मिटली, म्हणजे मी जागेवरच राहणार. पंजा उघडला, म्हणजे मी आडवी पळणार, माझी जागा तू सांभाळ. समोरच्यांना काही दिसत नाही. तुम्ही म्हणालात, "आठ वर्सं मी करीनचा पाठीमागचा हात बघितला. तिच्या तोंडापेक्षा तिचा हात मला जास्त ओळखीचा हाय."

म्हणून तर मला जास्त राग येतो.

खेळ सोडला कशामुळं, हे मी बऱ्याच वर्षांनी विचारलं. तुम्ही नखं कापत बसला होतात. नखांवरची नजर न हलवता सांगितलंत. इंग्लंडात, गवतावरची स्पर्धा. दुहेरीची नावं कार्यालयातल्या कागदावर लिहायची, दोघींपैकी एकीने सही केली तरी चालायचं, आणि कागद दुपारी बाराला बंद व्हायचा. सकाळी न्याहारीला करीन उजवं मनगट डाव्या हातात धरून आली. दुखतंय, मी घरी जाते, या वेळी नाव नको घालू. तुम्ही स्वयंपाकघरातून बर्फ मागून आणलात, फडक्यात गुंडाळून तिच्या मनगटाला बांधलात. आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर जोड्यांचा तक्ता लागला, त्यात करीनचं नाव होतं, शेजारी एका अमेरिकन पोरीचं. कार्यालयातल्या कागदावरची सही करीनचीच होती.

"मग तुमी काय केलं?" मी विचारलं.

"तक्ता दोनदा वाचला."

"अन् मग?"

"मग चहा पिला."

"चहा?"

"इंग्लंडात दुसरं काय करणार, भाऊ."

मला हसू आलं नाही. मी उठून उभा राहिलो. म्हणालो, तिला गाठायचं होतं, चारचौघांत उभं करून विचारायचं होतं, कावून केलं असं. तुम्ही नेलकटर डबीत ठेवलंत आणि म्हणालात, "त्या उन्हाळ्यात माझी दुसरी सर्व्हिस, पहिली हुकल्यावरची, बरी पडत न्हवती."

हे काय उत्तर झालं, ताई? मी तिने काय केलं ते विचारत होतो, तुम्ही तुमची चूक सांगत होतात. पुढं कितीदा हा विषय निघाला, प्रत्येक वेळी तीच दुसरी सर्व्हिस. मी म्हणायचो, तुम्ही भित्र्या आहात. तुम्ही म्हणायचात, जुनं हाय, सोडा. त्या स्पर्धेनंतर दोन वर्षांत तुम्ही खेळ बंद केलात, कारण नवी जोडीदारीण मिळाली तरी तिच्या पाठीमागच्या हातावर तुमचा भरवसाच बसेना. हे तुम्ही एकदाच बोललात, आणि लगेच विषय बदललात.

एका दुपारी मी असाच तापलो होतो. म्हणालो, "आमच्या बाजारात असं कुणी केलं असतं ना, तर त्याला परत पाय ठेवू दिला नसता."

तुम्ही शांतपणे म्हणालात, "अन् भगवानला?"

वाचणाऱ्यांना सांगतो. मी मूळचा उमापूरचा. भगवान आणि मी जोडीने दलाली करायचो. तो गिऱ्हाईक धरायचा, मी भाव करायचो. घरून भाकरी बांधून आणायचा तो, दोघांची. एका मोठ्या यात्रेच्या बाजाराला धारूरच्या एका बड्या व्यापाऱ्याने मला बोलावलं. ठरल्याप्रमाणे भगवान पहाटेपासून स्टँडवर भाकरीचं गाठोडं घेऊन उभा होता. मी त्या व्यापाऱ्याच्या जीपमध्ये पुढं बसून स्टँडवरून गेलो. त्याने मला बघितलं. मी मान वळवली. त्या बाजारानंतर मी धारूरलाच राहिलो, घर बांधलं, नाव झालं. ही गोष्ट मी तुम्हाला हुशारी म्हणून सांगितली होती, माणूस कसा वर येतो म्हणून. तुम्ही ती ऐकून घेतली होतीत आणि ठेवून दिली होतीत.

मी म्हणालो, "बाई, तुमी दवाखान्याचं बघा." आणि निघून आलो. दोन महिने फिरकलो नाही. खांदा पुन्हा आखडला. मग तुम्ही माझ्या मंडळीजवळ व्यायामाची रबरी पट्टी पाठवलीत आणि निरोप दिलात, "खांद्याचं अन् माझं काही भांडण न्हाई." मी आलो. चेंडू मारला. भगवानचं नाव तुम्ही पुन्हा काढलं नाहीत, मी करीनचं. आपलं सगळ्यात लांबलेलं भांडण तिथंच अडकून राहिलं.

तुमचं शेवटचं दुखणं कळल्यावर तुमच्या माणसांनी परत बोलावलं होतं. तुम्ही गेला नाहीत. म्हणालात, तिथं मला कोण ओळखतं. शेवटी आलो तेव्हा बोलणं बंद झालं होतं. चादरीवरचा तुमचा हात मिटलेला होता, मूठ. मी ते असं वाचलं की, मी जागेवरच आहे. दुखत असेल म्हणूनही आवळली असेल. मी व्यापारी माणूस, मला हवा तो अर्थ काढतो.

शोकसभेला तुमचा भाचा यान आला होता. उंच, तुमच्यासारखंच नाक. तुमच्या देशातून आलेले निरोप डॉक्टर मॅडम मराठीत वाचून दाखवत होत्या. एक करीनचा निघाला. आम्ही बहिणींसारख्या होतो, असं तिने लिहिलं होतं. माझ्या मनगटाच्या दुखापतीमुळे आमची जोडी थांबली, आणि दोघींनी मिळून हसतमुखाने तो निर्णय घेतला.

मी उभा राहिलो. "खोटं हाय हे."

मागून कुणीतरी सदरा ओढला. मॅडम म्हणाल्या, "मामा, बसा. आज न्हाई."

"मग कधी? त्या गेल्या तरी आज न्हाईच का?"

बसवलंच मला. सभा संपल्यावर यान जवळ आला, मॅडमना मधे घेऊन विचारलं, काय खोटं आहे. मी सगळं सांगितलं: कागद, बारा वाजता, बर्फ. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाला, मावशीने घरी हे कुणालाच सांगितलं नाही. आमच्या गावच्या टेनिस क्लबाचं एक पुस्तक आहे, त्यातही दुखापतच लिहिली आहे. त्या क्लबात करीनचा मोठा मान आहे.

तेव्हा मला कळलं, ताई, की ही गोष्ट जगात फक्त दोघींना ठाऊक होती आणि तिसरा मी. तुमच्या सख्ख्या माणसांना नाही, धारूरच्या एका गुरांच्या दलालाला सांगितलीत. तुम्ही गेलात. आता एका बाजूला करीन आणि तिचं पुस्तक, आणि दुसऱ्या बाजूला मी एकटा. मी गप्प बसलो तर तुमची पंधरा वर्षं दुसरीच्या मनगटावर संपली, असंच राहणार.

मी यानकडे करीनचा पत्ता मागितला. तो म्हणाला, ती आता फार म्हातारी आहे, काय उपयोग. आणि मॅडम, त्यांना मी मुलीसारखं मानतो, त्या हळूच म्हणाल्या, "मामा, पण तिला जाब इचारायचा तुमाला काय अधिकार?"

त्यांना भगवानचं काही ठाऊक नव्हतं. पण वर्मी बसलं. परवा सकाळी मी उमापूरला गेलो.

भगवान ओसरीवर शेंगा फोडत बसला होता. केस सगळे गेलेत. मला बघून उठला नाही.

"पंचवीस वर्सांनी आलास," तो म्हणाला. "भाकर लई गार झाली बे."

मी उंबऱ्यापाशी बसलो. समोरच्या शेंगा मीही फोडायला लागलो. आयुष्यभर बोलण्यावर पोट भरलेला माणूस मी.

"कावून गेलतास?" त्यानेच विचारलं.

"जीपमधी तुझ्यासाठी जागा होती. त्यो व्यापारी म्हणालाबी, घे तुझ्या माणसाला. मीच नको म्हणलो. मला वाटलं, दोघं गेलो तर निम्मंच नाव होईल माझं."

त्याने चार-पाच शेंगा फोडल्या. मग म्हणाला, "म्हंजी बैलाच्या दाताचं न्हवतं ते?"

"कोन्चा दात?"

"आदल्या बाजारी मी त्या गेवराईच्या गिऱ्हाईकाला बैलाचा पडका दात दाखवला. सौदा मोडला तुझा. मला वाटायचं, त्याचाच राग धरलास. बायकोलाबी तेच सांगत आलो, माझंच चुकलं म्हणून."

"न्हाई रं. तुझं काहीच चुकलं न्हवतं."

त्याने हातातली शेंग खाली ठेवली. "मग पंचवीस वर्सं मी त्या दाताला उगंच शिव्या दिल्या."

त्याने मला माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नाही. "च्या पी अन् जा," म्हणाला. मी चहा प्यायलो आणि आलो. पण निघताना तो दारापर्यंत आला आणि सुनेला हाक मारून म्हणाला, ऐकलंस का, दाताचं न्हवतं ते. मोठ्या आवाजात. शेजारी ऐकतील अशा.

एसटीत बसल्यावर मला तुमची दुसरी सर्व्हिस समजली. फसवणारा निघून जातो, ताई. फसलेला माणूस मागं राहून स्वतःची चूक शोधत बसतो. सापडली नाही तर तयार करतो. तुम्ही चाळीस वर्षं एका चांगल्या सर्व्हिसला दोष देत राहिलात, कारण खरं कारण जिच्याजवळ होतं तिने ते दिलं नाही, आणि मी तुम्हाला भित्र्या म्हणत राहिलो. त्याचं मला वाईट वाटतं. तुम्ही मला कान धरून उमापूरला पाठवलंत असं मी म्हणणार नाही. एवढं मोठं श्रेय तुम्ही घेतलं नसतं. पण मी गेलो, आणि ते तुम्ही असताना जायला हवं होतं. तुम्हाला येऊन सांगितलं असतं. तुम्ही 'बरं' म्हणाला असतात आणि चेंडू हातात दिला असतात.

मॅडमनी आता हे दुसऱ्या भाषेत लिहून द्यायचं कबूल केलंय. यानने शेवटी पत्ता दिला. तेव्हा ताई, इथून पुढचं तुमच्यासाठी नाही, तुम्ही ऐकायचं तर ऐका.

करीनबाई, मी तुम्हाला ओळखत नाही. माझं उत्तर मी ज्याचं त्याला देऊन आलोय, म्हणून आता तुमचं मागतोय. तुम्ही म्हाताऱ्या झालात, असं सांगतात. भगवानही झालाय, मीही झालोय, त्याने काही अडत नाही. विमलताईंना, म्हणजे तुमच्या विलेमाइनला, आता तुमच्याकडून काही ऐकता येणार नाही, ती वेळ तुम्ही घालवलीत. पण तिची बहीण आहे, भाचा आहे, आणि इथं धारूरला तिने सरळ उभं केलेल्या शेकडो बायका आहेत. त्यांना लेखी कळवा की तिची सर्व्हिस चांगली होती. क्लबाचं पुस्तक दुरुस्त करा. आणि मला फक्त एवढं सांगा: तुमचं उजवं मनगट दुखत होतं, त्यावर तिने स्वतः बर्फ बांधला होता, तर बारा वाजायच्या आत त्या कागदावर दुसरीच्या नावाशेजारी सही तुम्ही कोणत्या हाताने केलीत?